‘जमलं’ म्हणून उठून गेलेला माणूस

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा – विचारण्याआधी शोधावं, हा धर्म. बरोबर? नुसत्या माना नकोत, तोंडानं बोला! बरं. मग ज्याला सापडलं, त्याचा धर्म कोणता?... आता ऐका.

एका गावी अंध मुलींची शाळा. तिथं सरोजिनी बेडकिहाळ नावाच्या बाई ब्रेलची छपाई बघायच्या. शाई नाही, कागदावर उठलेले ठिपके. पोरी बोटांनी वाचतात. सोमवारी दहावीची पूर्वपरीक्षा, आणि शुक्रवारी सकाळी यंत्र रुसलं! कागद सलग, घड्याघड्यांचा; दर पानाची शेवटची ओळ पुढच्या घडीवर जाऊन बसायची. घडीवर ठिपका चिरडतो, म्हणजे शेवटचा प्रश्न गुल! हसलात? तुम्हाला शाळेत असं यंत्र हवंच होतं!

पण दहावीतल्या यमुना गावडेला नको होतं. मागं एकदा असंच झालं, तेव्हा शाळेनं प्रश्न तोंडी वाचून दाखवले. ती म्हणाली होती, “बाई, माझा प्रश्न मला वाचायचाय.” हे बाईंच्या काळजात रुतलेलं.

त्यांनी संगणक उघडला. असली यंत्रं चालवणाऱ्यांचा एक मंच असतो. एकेका अडचणीचा एकेक धागा. बाईंनी आपली अडचण मांडली. लगेच उत्तर – मंचावरचे जुने जाणते, मुकुंदराव टेंभे. “ताई, आधी जुने धागे वाचा. रोज तेच दळण दळायला इथं कुणी बसलेलं नाही.”

झोंबलं. पण खरं होतं! आपण नाही का, भिंतीवर कॅलेंडर असताना बुवांना विचारत – बुवा, एकादशी कधी?

बाई मुकाट्यानं शोधायला बसल्या. अकरा वर्षांचे धागे. चहा गार झाला, मधली सुट्टी झाली, शाळा सुटायला आली – आणि सापडला! तेच यंत्र, तीच घडी, तीच ओळ. खाली सात जणांचे तर्क. आणि तळाशी विचारणाऱ्याचाच निरोप: “जमलं. धन्यवाद.”

संपलं! कसं जमलं, ते नाही. विहिरीचं पाणी प्यायला आणि जाताना दोर घेऊन गेला! बाईंनी नाव वाचलं. मुकुंदराव टेंभे.

मग बाईंनी पदर खोचला. त्याच धाग्याखाली, सगळ्यांदेखत लिहिलं: “टेंभेसाहेब, शोधलं. तुम्हीच सापडलात. मी धागा वाचला, आता तुम्ही तो पुरा करा.”

कुणी म्हणालं, ज्येष्ठांशी असं बोलू नये. बाई हलल्या नाहीत. शनिवारी सकाळी टेंभ्यांचाच फोन. आवाज उतरलेला. चुकलं म्हणाले. मग उपाय सांगितला – कागद काढून यंत्र बंद करा, रिकामंच चालू करा, मग पानाची लांबी भरा, कागद आत असला की ते जुनंच माप धरून बसतं.

बाई म्हणाल्या, “माझ्या कानात नको, साहेब. तिथं लिहा.”

लिहिलं! लिहावंच लागलं.

सोमवारी यमुनाचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, थांबलं. म्हणाली, “बाई, हा अवघड आहे.” बाईंचे डोळे भरले. अवघड का असेना, तिचा तिनं वाचला होता!

आता तुमच्याकडं वळतो. कुणाचं व्यसन सुटलं, कुणाचं भावाशी भांडण मिटलं, कुणाला नामात गोडी लागली – आणि तुम्ही? “जमलं” म्हणून उठलात! मागून येणाऱ्यानं काय वाचायचं? संतांना सापडलं, ते त्यांनी लिहून ठेवलं, म्हणून आपण इथं बसलोय. देवाच्या दारी नुसतं ‘जमलं’ मी चालू देणार नाही. कसं जमलं ते सांगा – आणि ज्याला अजून जमलेलं नाही त्याच्यापर्यंत पोचेल, इतक्या मोठ्यानं म्हणा – विठ्ठल!