तिसऱ्या कॉफीपर्यंत

आलुबुखार विकत घ्यायला आलास म्हणतोस — आणि माझ्या झाडांकडे एकदा मान वर करून बघितलं नाहीस! सारखा नदीकडेच बघतोयस. का, नदीला फळं लागलीत? पी, कॉफी पी. विष नाही घातलेलं. बूट नवे आणि चिखल मात्र लाल — तो आमच्या पुलाखालीच असतो, दुसरीकडे नाही. तिथं कशाला उतरला होतास? त्या कंपनीचा असशील तर आत्ताच सांग — जिला आमची नदी नळात कोंडून वीज करायचीय. नाही? मान हलवायला काय जातं! मागं एक असाच आला होता, म्हणे फुलपाखरांचे फोटो काढतो. शेजारच्या राबियानं कोटासकट पाण्यात बसवला त्याला!

पुलावर आम्ही बायकाच बसतो, पाळीपाळीनं. पुरुष बसले की पोलीस काठ्या चालवतात. आम्हा म्हाताऱ्या बायांच्या अंगाला हात लावायला लाजतात मेले. माणूस बसलेलं असलं की यंत्र पुढं येत नाही. त्यानं पूल ओलांडला, की संपलं — बागा, गिरणी, मेंढरं... माझ्या नवऱ्याला, मुनीरला शेवटची अंघोळ घातली ती याच पाण्यानं. जाऊ दे, तुला कशाला सांगतेय मी?

आज गाव सगळं वरच्या वस्तीवर, हसनच्या लेकीच्या लग्नात. मीच म्हटलं, जा गं बायांनो, नाचा, पूल मी सांभाळते. निघालेच होते, पुलावर बसायची उशी काखेत — आणि तू फाटकात! मग काय, तीच तुझ्याखाली घातली. पाहुण्याला तसाच टाकून जाते की काय? बॉस्नियातली बाई आहे मी. पहिली कॉफी स्वागताची, दुसरी गप्पांची, तिसरी पुढ्यात आली की पाहुण्यानं चालू पडायचं — पण दुसरी संपल्याशिवाय तिसरी ओतायची नाही, आणि तोवर घरच्या बाईनं जागचं हलायचं नाही. तू शहरातला, तुला कुठलं ठाऊक हे.

थांब. साखरेचा खडा कॉफीत बुडवून जिभेखाली धरलास तू. शहरातले चमच्यानं ढवळतात. कुणी शिकवलं? आजीनं? कुठल्या गावची होती? — बोल की! आणि मघापासून ही दुसरी नुसती ओठाला लावतोयस, खाली काही उतरत नाही. थंड होऊन गेली ती...

हा आवाज कसला?

घड्याळात काय बघतोस, माझ्याकडे बघ! गिरणी बंद आहे आज. ट्रॅक्टर लग्नाला गेलेत. मग हे घरघरतंय काय नदीकडं? — तुला आमची रीत ठाऊक होती. आजीच्या मांडीवर बसून शिकलास, आणि त्या कंपनीला विकलीस. पूल रिकामा बघून माझ्या दारात आलास, मला बसवून ठेवायला — आणि मी बसले. कॉफी पाजत बसले!

ही बघ तिसरी. तुझ्या कपात नाही, उंबऱ्यावर ओततेय. ऊठ.

ऊठ म्हणते ना — उशी दे माझी.