अकरा नंबरचा खांब

सकाळी सव्वासात वाजता, कॅम्पच्या आवारात, अकरा नंबरच्या खांबाजवळ. गवत दवानं ओलं. कर्मचारी अनवाणी. अपघाताच्या अहवालाची सुरुवात अशीच आहे, मला तोंडपाठ आहे — नाही नाही मालक, पाय खाली टाकू नका! दारात बसा, खुशाल बसा, आत काहीही होणार नाही तुम्हाला. फक्त हात दाराच्या त्या लोखंडी दांड्याला आणि पाय जमिनीवर, हे दोन्ही एकदम करू नका. आत्ताच दाखवला ना टेस्टर? पत्र्याला लावला तर कसा लखलखीत पेटला! ट्रेलर उभा आहे रबरी चाकांवर, करंटला खाली जायला वाट नाही, तो नुसता पत्र्यात बसून राहतो. वाट बघत. कोण येतंय खाली पाय ठेवायला म्हणून. आणि खाली ओलं आहे, मघाशी चाकं धुतली ना मी. हो, मुद्दाम धुतली.

ओळखलं नाहीत ना अजून? दाढी काढून बघा मनातल्या मनात. नऊ वर्षं झाली. तुमच्या कॅम्पवर वायरमन होतो मी, पाहुण्यांच्या ट्रेलरना खांबावरून वीज जोडून देणारा. — हां, आला रंग चेहऱ्यावर! मी मात्र तुम्हाला माझ्या गॅरेजच्या फाटकातच ओळखलं असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. तुम्ही म्हणालात, नवीन ट्रेलर घेतलाय, चाकांवरचं घरच, पण दाराला हात लावला की नातीच्या हाताला मुंग्या येतात. म्हटलं, असेल, गिझरची कॉइल गेली की लीकेज येतं, रोजचंच काम आहे. माझ्या वायरनं जोडून बघितला, माझ्या बोर्डावरचा ट्रिप स्विच पडला. पडणारच, करंट गळला की तोडायलाच असतो तो. आणि मग तुम्ही काय म्हणालात? ‘तो ट्रिप काढा हो मध्ये मध्ये, डायरेक्ट द्या.’ डायरेक्ट! तोच शब्द, तोच हात झटकणं, माशी हाकलावी तसं. तेव्हा ओळखलं. आणि तुमची वायर हातात घेतली तर तिची वरची जाड पिन कापलेली — घरच्या सॉकेटमध्ये बसत नव्हती म्हणे! अर्थिंगचीच पिन ती. नातवंडं घेऊन फिरायला निघालात आणि अर्थिंग कापून निघालात. म्हटलं, ठीक आहे, मालक म्हणतात तर डायरेक्ट देऊ. दिलं. मग म्हटलं, जरा आत जाऊन गिझरवरचा नंबर वाचता का? गेलात. किती सरळ गेलात हो!

ओरडू नका, दुपारच्या जेवणाला गेलेत सगळे. उडी मारायचीय? मारा की. हात कुठे न लावता, दोन्ही पाय एकदम, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जमतं का बघू. नाही ना? मग ऐका.

माझा दादा अनवाणी का होता? — सांगा ना. अहवालात लिहिलंय, ‘अनवाणी असल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ माझी पुतणी आता पंधरा वर्षांची आहे, तिनं तो कागद वाचला आणि मला विचारलं, काका, बाबा इतके वेंधळे होते का हो? वेंधळा! जो माणूस पाहुण्यांच्या शेगडीची नळी रोज साबणाचा फेस लावून तपासायचा, तो वेंधळा. अनवाणी का, ते मी सांगतो. पाटी कोणी लावली होती? निळी पाटी, पांढरी अक्षरं — ‘कर्मचाऱ्यांनी पाहुण्यांच्या ट्रेलरमध्ये शिरताना चपला बाहेर काढाव्यात.’ गालिचे खराब होतात म्हणून. दादानं त्या ओल्या गवतावर रबरी चपला काढल्या, शेजारी शेजारी नीट ठेवल्या, आणि वर चढायला दांडा धरला. तुमचा नियम पाळताना गेला तो. दुपारी मी दवाखान्यातून परत आलो तर पाटी जागेवर नाही, नुसती चार भोकं भिंतीवर. चपला होत्या.

आणि आदल्या दिवशी त्यानं तुम्हाला सांगितलं नव्हतं? अकरा नंबरच्या बाई म्हणतात दाराला मुंग्या येतात — तुमच्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं, मी बाहेर शिडी धरून होतो, ऐकलंय मी. तुम्ही म्हणालात, बाईंना म्हणावं कोरड्या चपला घाला. बाईंना चपला आणि दादाला पाटी! वा!

खरं तर त्या ट्रेलरला काय झालं होतं? हेच. हेच जे तुमच्या ट्रेलरला झालंय. कॉइल गेलेली, रात्रीतून तीनतीनदा ट्रिप पडायचा, बाई कुरकुर करायच्या. आता ट्रिप का पडतो ते शोधायला अर्धा दिवस लागतो, गिझर सोडवून बघायला लागतो. पण अर्थिंगची तार खांबाच्या पेटीत नुसती सोडवली तर ट्रिप पडायचा थांबतो. दोन मिनिटांचं काम. ते केलं गेलं. मग दव पडलं की ट्रेलरचे लोखंडी टेकू ओल्या मातीत, त्यातून परत थोडा करंट जायचा, परत ट्रिप. मग ट्रिपच काढला गेला. डायरेक्ट. — काय? कोणी केलं म्हणजे? तुम्ही सांगितलंत म्हणून केलं! पहिल्यांदा स्क्रू फिरवताना मी म्हटलंसुद्धा होतं तुम्हाला, की मालक, हे दोन दिवसांपेक्षा जास्त —

हो. मीच फिरवला. ट्रिपही मीच काढला. मग? नोकरी तुमच्याकडे होती, दादाची खोली तुमच्या आवारात होती, वहिनी तुमच्या चादरी धुवायची. तुम्ही ‘डायरेक्ट’ म्हणालात आणि मी पेचकस काढला. मिटलं? वहिनीला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही पहिले. हसू येतं ना, इतक्या वर्षांत एकाला सांगितलं, तेही तुम्हाला, आणि तेही दारात अडकवून.

पण त्यानंतरचं माझं नाही. त्यानंतरचं ऐका नीट. दादा पडला तेव्हा पहिला मी धावलो. माझ्या किल्लीनं खांबाची पेटी उघडली, बंद केलं, आणि बघितलं — अर्थिंगची हिरवी तार लोंबत होती, मी सोडली होती तशीच. पेटी लावली, किल्ली खिशात टाकली, दादाला उचलून दवाखान्यात नेलं. बारापर्यंत तिथेच होतो. दहा वाजता तपासणीवाले आले, त्यांनी पेटी उघडली, आणि लिहिलं काय? ‘अर्थिंग जोडलेले, ट्रिप स्विच बसवलेला, यंत्रणा सुस्थितीत.’ संध्याकाळी मी परत उघडून पाहिलं. तार स्क्रूखाली. ट्रिप नवाकोरा, त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा काढलेला नव्हता.

मग मी गप्प का बसलो? विचारा ना! तार लावली कोणी असं विचारायला गेलो असतो, तर आधी सोडली कोणी ते सांगावं लागलं असतं. तुम्हाला ठाऊक होतं ते. म्हणूनच तर तेराव्या दिवशी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, जाऊ दे, झालं ते झालं.

उतरा आता. — उतरा हो, काही होत नाही! प्लग केव्हाच काढलाय मी, तुम्ही आत वाकून नंबर वाचत होतात तेव्हाच. आतला दिवा ट्रेलरच्या बॅटरीवर जळतोय, आणि टेस्टरही सेलचाच, बटण दाबलं की कशालाही लावा, पेटतो. फ्रिजची घरघर थांबली, कळलं नाही तुम्हाला? दादाला कळलं असतं. माणूस आत असताना मी चालू ठेवत नाही. आता नाही ठेवत. — दांडा धरा, नाहीतर पडाल. असं.

ही घ्या तुमची वायर. पिन मी बसवून दिलीय, नातीसाठी, तुमच्यासाठी नाही. गिझर दुसऱ्याकडून करून घ्या. आणि पुतणीला उद्या मी सगळं सांगणार आहे, माझ्या पेचकसापासून. मग ती तुमच्याकडे येईल विचारायला. काय विचारेल तेही सांगून ठेवतो, म्हणजे तयारीला वेळ मिळेल. अकरा नंबरच्या पेटीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक माझ्या खिशात, दवाखान्यात. दुसरी तुमच्या टेबलामागच्या खिळ्यावर.

फाटक उघडं आहे. निघा.