लांबची हाक

हरसूलच्या बसच्या रांगेत मयूरच्या पुढे टोपली घेतलेली एक मावशी आणि खांद्याला पर्स लावलेली एक तरुणी उभ्या होत्या. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि मयूरने मोबाइलवरचं गाणं बंदच केलं.

"तुमची लेक काय करते मावशी?"

"इटलीत हाय. हाकांचा अभ्यास करते."

"हाकांचा?"

"आई लांबून पोराला हाक मारते ना, तेव्हा नावातला कोणता आवाज ताणते, सूर कुठं चढवते, त्याचा नियम शोधते. इटली, स्पेन, पोर्तुगाल, भाषा म्हणे सख्ख्या बहिणी, पण हाकेची तऱ्हा निराळी."

"भारीच की!"

"परवा फोनवर म्हणली, आई, टेकाडावरून मारायचीस तशी हाक मार, मला ऐकायचीय. मला नाय जमलं."

"का हो?"

"कानाशीच तर होती. कानाशी असलेल्या माणसाला ओरडून हाक कोण मारतं?"

"मग?"

"मग काल टेकाडावर गेले. नदीकडं तोंड करून पोटातून मारली. तेजूऽऽ!"

"रेकॉर्ड केलीत ना?"

"फोन घरीच ऱ्हायला. लांब हाक मारायला फोन कशाला लागतो, असंच वाटलं बघा."

"अरेरे! वायाच गेली म्हणजे."

"वाया कशी? खालच्या पाड्यावरून कोणाच्या तरी पोरीनं ओ दिली."

"मग काय केलंत?"

"काय करणार? म्हणलं, ये गं लवकर, भाकर निवते."