वेलासाठी कूलर

हसू नका, पण गेल्या मे महिन्यात आमच्या घरातला एकुलता एक कूलर अंगणात एका वेलाला वारा घालत होता. क्लेमॅटिस. जांभळ्या फुलांचा, थंड हवेतला, आणि आमच्या ह्यांनी तो ऑनलाइन मागवला सोलापुरात! आधाराला म्हणून रस्त्यावर पडलेली एक ओली फांदी रोवली. "मुळं गार राहिली पाहिजेत," म्हणून कूलर तिकडे, आणि आम्ही घरात पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो.

तरी पंधरा दिवसांत वेल वाळला. मी म्हटलं, "गेला."

"गेला नाही, झोपलाय," हे म्हणाले आणि पाणी घालत राहिले.

जूनमध्ये ओरडतच आत आले, "पालवी फुटली!" गल्लीभर पेढे वाटले. करकंबहून आत्याबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं. त्यांनी एक पान चुरगळून हुंगलं.

"आरं, ह्यो शेवगा हाय की! तू रोवलेली काठी फुटलीया."

ह्यांनी त्याच संध्याकाळी कूलर उचलून घरात आणला.

परवा पेढे खाल्लेल्या शेजारीणबाईंनी विचारलं, "तुमच्या त्या विलायती वेलाला फुलं आली का हो?"

म्हटलं, "फुलं कधीच येऊन गेली. आता शेंगा लागल्यात. आमटी पाठवू का?"