मदत करू नका!

अहो, नाही, म्हणजे मला सांगा, ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना मदतच केली, शेजाऱ्यांचं कपाट हलवायचं असलं की सगळ्यात पुढे, लिफ्टमध्ये दुसऱ्याचं बटण दाबायलाही हात आमचाच, त्या माणसाला पोटच्या पोरीनं जेवणाच्या टेबलावर आडवं पाडायचं, पोटावर स्केचपेननं ठिपके काढायचे आणि वर सांगायचं, "बाबा, मदत करू नका!"... याला काय म्हणायचं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. आमची धाकटी रेडिएशन थेरपिस्ट होतेय. झालं, तुमचाही चेहरा तसाच झाला! सगळ्यांचा होतो. माझी थोरली बहीण म्हणाली, "म्हणजे डॉक्टर?" नाही. "मग नर्स?" नाही. "हां, मग एक्स-रे काढते होय!" अगं आक्का, नाही गं! तुम्हाला सांगतो, कॅन्सरच्या पेशंटला किरण देतात ना, ते किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतो, हिशेब फिजिक्सवाला करतो, आणि पेशंटला रोजच्या रोज, केसाइतकाही फरक न करता, त्याच जागी तसंच झोपवून ते किरण देते, ती ही. त्यासाठी बारावी सायन्स, मग डिग्रीची वर्षं, शरीर शिका, फिजिक्स शिका, हॉस्पिटलात उमेदवारी करा... आणि एवढं सगळं कशासाठी? तर माणसाला नीट झोपवायला! मी म्हटलं, "अगं, तुझी आजी हे नुसत्या अंगाईवर करायची." दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

हा नाद तिला लागला तो आमच्या हिच्यामुळे. हिची ट्रीटमेंट चालू होती तेव्हा धाकटी रोज सोबत जायची. तिथली थेरपिस्ट हिला रोज काहीतरी बोलून हसवायची आणि मगच आत न्यायची. ही बरी झाली, अगदी ठणठणीत, सकाळपासून माझ्यावर ओरडतेय म्हणजे बघा! आणि धाकटीनं जाहीर केलं, मला त्या ताईंसारखं व्हायचंय.

हुशार आहे हो! लेखीत पहिली. गाडी अडली प्रॅक्टिकलला. का? तर पोरगी भिडस्त. बसमधून उतरायचं असलं तरी "थांबवा" म्हणायला लाजते, पुढच्या थांब्यावर उतरून उलटी चालत येते! तर प्रॅक्टिकलला एका आजोबांना झोपवलं, बाहेर येऊन पडद्यावर बघते तो आजोबा सरकलेले. दिसलं तिला! पण एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा नीट झोपा म्हणून कसं सांगायचं? गप्प बसली. नापास! आता एकच संधी उरलेली, ती गेली की अख्खं वर्ष पुन्हा. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडली. तिला वाटतं, नळाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही. बापाला येतं हो. फार वाईट वाटलं मला.

मी म्हटलं, घाबरतेस काय, माझ्यावर कर सराव! खरं तर आईवर करायला हवा होता, ही म्हणजे त्या टेबलावर दगडासारखी पडून राहायची. पण धाकटी म्हणाली, "आईला मी पुन्हा तसं झोपवणार नाही." मग झोपलो मी.

आणि झाली सुरुवात! त्यांच्यात पद्धत अशी, की पेशंटनं स्वतः सरकायचं नाही. अंगाखालची चादर ओढून ते सरकवतात, आपण नुसतं पोत्यासारखं पडायचं. आता ही एवढीशी पोर माझं धूड ओढणार आणि मी बघत राहू? मी आपली हळूच कंबर उचलायचो. "बाबा... मदत करू नका ना..." तिनं डावीकडे ओढलं की मी आधीच डावीकडे! "बाबा, प्लीज..." असं पुटपुटत! स्वयंपाकघरातून हिचा आवाज, "अगं, ओरड त्यांच्यावर! हळू सांगितलेलं त्यांना लग्नापासून ऐकू आलेलं नाही!"

फेरपरीक्षेला पेशंट आपला आपण न्यायचा. मैत्रीण येणार होती, ती नेमकी तापानं फणफणली. धाकटी माझ्यासमोर उभी, चेहरा एवढासा. "बाबा, तुम्हीच चला. पण..." म्हटलं, कळलं. मदत करू नका!

खोली गारेगार. मशीन सरावाचं, त्यातून किरणबिरण काही येत नाहीत, काळजी करू नका. टेबल असलं टणक की विचारू नका. भिंतींमधून हिरव्या रेघा येतात, त्या आपल्या अंगावरच्या ठिपक्यांवर बसल्या पाहिजेत. कोपऱ्यात परीक्षक बाई, चेहऱ्यावरची रेष हलत नाही. मनात म्हटलं, अहो, पेशंट म्हणून यांनाच झोपवा की!

पण तुम्हाला सांगतो, मी पडलो. पोतं! नाकाला खाज सुटली, सोसली. धाकटीनं ओढलं, सरकवलं, रेघा जुळवल्या, बाहेर गेली. दार बंद. आणि मी जरा... नुसतं बघायला हो... मान उचलून पोटाकडे पाहिलं, तर रेघ ठिपक्याच्या शेजारी! गेली पोरगी! आता बाप काय करील? तुम्ही काय केलं असतं? मी कंबर अगदी एवढीशी... सरकवली.

"हलू नका!"

अहो, छतातून आवाज! सासूबाई गेल्यापासून असा आवाज मी ऐकला नव्हता! दार उघडून धाकटी आत. "मान उचललीत म्हणून पोट सरकलं. रेघ बरोबरच होती. आता सगळं पहिल्यापासून. सैल पडा, आणि मदत करू नका!" बाबा नाही, प्लीज नाही! मी श्वाससुद्धा घेईना. "श्वास घ्या," म्हणाली, "तेवढी मदत चालेल."

पास झाली! परीक्षक बाई म्हणाल्या, "पेशंट हलला की थांबवायचं, मग तो कोणी का असेना. हेच बघायचं होतं आम्हाला." माझे डोळे भरून आले, पुसायला हात उचलला, तर दोघी एकदम, "हलू नका!"

इथं संपलं असतं तर बरं होतं. परवा त्याच बाईंचा फोन! "पुढच्या बॅचच्या परीक्षेला पेशंट म्हणून याल का? कितीही सांगितलं तरी हलतोच, असा माणूस आम्हाला मिळत नव्हता." घ्या! आयुष्यभर केलेल्या मदतीला मागणी आली ती ही अशी! हो म्हटलं. पण मग पोरांची दया आली. कोणाच्या तरी घरी नळ सोडून रडणं नको. ठरवलं, हलायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावायचा, म्हणजे पोरं सावध होतील. कोणाला बोललो नव्हतो हो, नुसता आरशासमोर मिचकावून बघत होतो...

मागून आवाज आला, "बाबा!"

म्हटलं, कळलं गं बाई, कळलं... नाही करत मदत.