एकच बाप, पाच वेबसाईट

हसू नका, पण भिवंडीत मी एकच बाप पाच जणांना वाटलाय.

माझं काम वेबसाईट बनवायचं. वडप्याच्या पाटीलकाकांचं गोडाऊन आहे. 'आमच्याविषयी' या पानासाठी ते वडिलांबद्दल भरभरून बोलले. गोडाऊनच्या जागी पूर्वी त्यांची भातशेती होती. भराव पडायच्या आदल्या दिवशीही वडील अनवाणी बांधावरून फिरून आले होते. मी मन लावून लिहिलं. पुढच्या तीन गिऱ्हाइकांना मात्र आळसाने तेच पान चिकटवलं, फक्त नावं बदलली.

परवा काकांचा फोन आला. "अरे, माझी साईट गुगलवर दिसत न्हाय. नातीनं त्यातलं एक वाक्य टाकून शोधलं, तर नारपोलीच्या लूमवाल्याची साईट निघाली. माझा बा त्याचा कधी झाला?"

मी म्हटलं, "काका, काहीतरी टेक्निकल लोचा असेल."

"असंल. पण तोच बा तुझ्या साईटवर पण हाय."

मी घाईघाईने लॅपटॉप उघडून माझं पान पुसलं.

काका शांतपणे म्हणाले, "तुझे वडील तर आमचे मास्तर. मला पाढे त्यांनी शिकवले. त्यांच्याबद्दल लिहायला तुला काहीच सापडलं न्हाय?"

त्याच दिवशी मी तिन्ही गिऱ्हाइकांकडे जाऊन बसलो, त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं आणि पानं नव्याने लिहिली. माझं पान अजून कोरं आहे. बाबा घरीच असतात, पण विचारायला गेलो तर ते आधी म्हणतील, "आज एकदम कशी आठवण झाली?"