आराम केल्याचा पुरावा

(अमरावती. स्कॅन सेंटरमधली छोटी खोली. पडद्यासमोर डॉ. निखत. समोरच्या खुर्च्यांवर पातूरकडच्या माणिकबाई आणि त्यांची सून प्रतीक्षा.)

डॉ. निखत : म्हणजे काल दिवसभर तुम्ही पूर्ण आराम केला.

माणिकबाई : केला म्हनलं ना. किती डाव इचारता? दवाखान्यात आलो का पोलीस ठाण्यात?

डॉ. निखत : जड काम नाही, हलकं काम नाही?

प्रतीक्षा : मी स्वतः त्यांना बाजेवर बसवून दिलं होतं, मॅडम.

माणिकबाई : हो. बसलीच होती मी.

डॉ. निखत : छान. मग हे बघा. हे तुमचं शरीर. कोपरापासून मनगटापर्यंत दोन्ही हात ट्यूबलाइटसारखे पेटलेत. खांदे पेटलेत, मान पेटली आहे. बाजेवर बसून हे कसं जमवलं, ते मला शिकवा. मी जिम सोडून देते.

माणिकबाई : दुसऱ्या कोनाचा फोटो असंल.

डॉ. निखत : वर नाव तुमचं आहे.

माणिकबाई : नाव का, कोनीही लिहिते.

डॉ. निखत : काकू, सकाळी शिरेतून दिलं ना, ती एक प्रकारची साखर होती. मशीनला दिसणारी. अंगात जिथं सूज असते तिथल्या पेशी ती अधाशासारख्या खातात आणि इथे चमकतात. राबलेले स्नायूही खातात. तुमचे हात काल राबलेत.

माणिकबाई : म्हंजे माह्याच अंगात साखर घालाची अन् चुगलीही माहीच कराची. माही ननंद बरी याच्यापेक्षा.

प्रतीक्षा : आई, काय केलं तुमी? मी फक्त बचत गटाच्या मिटिंगले गेली होती.

माणिकबाई : काई नाई. जराकसा झेंडू तोडला.

प्रतीक्षा : जराकसा म्हणजे?

माणिकबाई : दसऱ्याचा तोडा.

प्रतीक्षा : अख्खा?

माणिकबाई : नाई तं का, अर्ध्याचे हार झाडावरच आपोआप होनार होते?

प्रतीक्षा : आराम सांगितला होता आई, आराम!

माणिकबाई : मंग बसूनच तोडला ना! वाफ्यात सरकत सरकत. फुलं तोडनं काम अस्ते का? वजन तरी हाये का त्याले?

डॉ. निखत : कापूस वेचणं?

माणिकबाई : ते काम हाये.

डॉ. निखत : कळलं. आमच्या सूचनांच्या कागदावर झेंडू टाकायचा राहून गेला, चूक आमचीच. तर तुमच्या या आरामानं इतकी साखर ओढली, की बाकीचं शरीर फिकं दिसतंय. थोडक्यात वाचलात, नाहीतर पुन्हा यावं लागलं असतं.

माणिकबाई : वाचली म्हंजे? दोन महिने झाले, रोज संध्याकाळी ताप. मलेरिया नाई, टायफॉइड नाई, टीबी नाई. रिपोर्ट पाहून तं वाटते, इतकी तब्येतीची बाई अकोला जिल्ह्यात नसंल. आता सांगूनच टाका, कॅन्सर हाये. पोरगं खाली गाडीपाशी रडून राहिलं. त्याचं वाया नको जाले.

प्रतीक्षा : आई!

माणिकबाई : कावून? तुमी दोघं रात्री मोबाइलवर तेच पाहत होते ना? हे मशीन कॅन्सरचंच असते म्हने.

डॉ. निखत : कॅन्सरसारखं मला काही दिसलेलं नाही. दिसतंय ते हे. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी आणि मानेकडे चढणारे तिचे फाटे. सगळे चमकतायत. आणि फुलं तोडून रक्तवाहिनी चमकत नाही, काकू. ही सूज आहे. ताप याचाच असावा. डोकं दुखतं?

माणिकबाई : साठीच्या पुढची डोकं न दुखनारी बाई दाखवा मले.

डॉ. निखत : कानशिलापाशी? विंचरताना?

माणिकबाई : विंचरत नाई मी आता. वरूनच हात फिरवतो.

डॉ. निखत : जेवताना? चावता चावता जबडा दुखून थांबावं लागतं?

प्रतीक्षा : नाही मॅडम, जेवतात त्या. म्हणजे अर्धी भाकर टाकतात. माझ्या हातची त्यांना चामड्यासारखी लागते. तसं गावात सगळ्यांना सांगून झालंय.

डॉ. निखत : काकू?

माणिकबाई : चार घास झाले का कानाखाली ठनकते. थांबलं का राहते.

प्रतीक्षा : म्हणजे भाकर...

माणिकबाई : भाकर बरी असते.

प्रतीक्षा : अन् मी दोन महिने ज्वारी बदलून राहिली! तीन गिरण्या केल्या!

माणिकबाई : तिसरीचं पीठ चांगलं होतं.

प्रतीक्षा : सांगितलं कावून नाही?

माणिकबाई : सांगतलं अस्तं तं तू दुधात कुस्करून दिली अस्ती, लेकरासारखी. त्याच्यापेक्षा तुही भाकर वाईट, हे बरं होतं.

डॉ. निखत : तुमचं भांडण घरी नेऊन पुरं करा. आता दोघी नीट ऐका. या आजाराला औषध आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या, बरेच महिने. ताप गेला म्हणून आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. पण हीच सूज डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत शिरली, तर नजर जाते. गेलेली बहुतेक परत येत नाही. म्हणून औषध दसऱ्यानंतर नाही, आजच. मी तुमच्या अकोल्याच्या डॉक्टरांशी बोलते. डोळ्यांना काही झालं? अंधारी, पडदा आल्यासारखं?

माणिकबाई : डोळ्याले काय धाड भरली? कोनाच्या घरी कोन गेलं, किती वेळ बसलं, सारं दिसते मले.

प्रतीक्षा : हे मात्र खरं आहे, मॅडम.

डॉ. निखत : ठीक. आणि आराम. बसून करायचा नाही, झोपून करायचा.

माणिकबाई : झोपूनच झेंडू तोडतो मंग.

प्रतीक्षा : चला, उठा आता. खाली सहदेवले सांगू, रडणं थांबव म्हणून. हात द्या.

माणिकबाई : तिकून नको. या बाजूनं ये.

प्रतीक्षा : कावून? इकडे दार आहे.

माणिकबाई : तिकून दिसत नाईस तू मले. सकाळी गाडीत दिसत होती.

डॉ. निखत : काकू, बसा. उठू नका.